बँड झाला, गाणी झाली. ऐकणारे कुठून आणायचे?

"आमचा बँड आहे" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "वरातीचं काय घेता?" माझ्या सख्ख्या आत्याने विचारलाय. तेव्हा आधीच सांगून टाकतो, हा लेख वरातीच्या बँडसाठी नाही. त्या मंडळींना आपला श्रोता, त्याची तिथी आणि त्याचा भाव सगळं पाठ असतं. अडचण आपल्यासारख्यांची आहे. चार-पाच जण, दोन गिटार, एक ड्रमकिट, स्वतः रचलेली सात-आठ मराठी गाणी, आणि समोर कोण बसणार याचा पत्ता नाही.

पुण्यातल्या अशाच एका बँडमध्ये मी सहा वर्षं बेस वाजवतोय. खरं तर बेसपेक्षा जास्त वेळ वही सांभाळण्यात जातो. पहिली दोन वर्षं आम्ही भलत्याच लोकांपुढे वाजवत होतो आणि घरी येताना रिक्षात भांडत होतो की गाणी कुठे चुकतायत. गाणी बरी होती. तुमची ही दोन वर्षं वाचली तर वाचावीत, म्हणून जे केलं, जे फसलं ते क्रमाने लिहितोय. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण तेवढंच मला नीट माहीत आहे. तुमच्या गावाप्रमाणे नावं बदलून घ्या.

१. गर्दी वेगळी मोजा, श्रोता वेगळा मोजा

आमचा पहिला शो एका पबमध्ये झाला. माणसं त्रेसष्ट. आम्ही हवेत. दोन महिन्यांनी त्याच जागी दुसरा शो केला, माणसं एकोणीस. मग बसून आठवून आठवून यादी केली, तर त्या त्रेसष्टातले पन्नासहून जास्त कुणाचे तरी मित्र, मावसभाऊ नाहीतर ऑफिसातले सहकारी होते. मित्र पहिल्यांदा येतो प्रेमापोटी, दुसऱ्यांदा भिडेखातर. तिसऱ्या शोच्या दिवशी त्याच्या घरी पाहुणे येतात. त्यात त्याची काही चूक नाही.

म्हणून एक साधी दोनशे पानी वही घ्या. दारावर एक माणूस बसवा, बँडमधला नको, त्याची तेव्हा केबल शोधत धावपळ चाललेली असते. येणाऱ्याला एवढंच विचारायचं: कुणाकडून कळलं? वहीत चार रकाने: ओळखीचे, ओळखीच्यांनी आणलेले, मोबाईलवर पाहून आलेले, आणि आधी येऊन गेलेले. चौथ्या रकान्यात जे अनोळखी चेहरे येतात, तेच तुमचे श्रोते. बाकीची गर्दी. गर्दीचाही उपयोग असतो, हॉलचं भाडं निघतं, पण बँड पुढे कुठे न्यायचा हे तिच्याकडून कळत नाही.

आमच्या पहिल्या तीन शोंमध्ये चौथ्या रकान्यात मिळून दोन नावं होती. त्यातला एक पबचा वेटर होता. तोही धरा. पगारावर असला तरी तो स्वतःहून स्टेजजवळ येऊन उभा राहायचा.

२. दारोदार फिरण्याआधी ही पिशवी भरून ठेवा

कार्यक्रम ठरवणारा माणूस रात्री साडेअकराला मेसेज करतो, "काही असेल तर पाठवा." तेव्हा आपण काहीतरी पाठवतो आणि तिथेच विषय संपतो. हे आधीच एका ड्राइव्हवर ठेवा आणि लिंक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या:

- प्रत्यक्ष वाजवतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. स्टुडिओतला चकचकीत नको; समोर माणसं दिसली पाहिजेत आणि आवाज स्वच्छ हवा.
- गाण्यांचे शब्द, देवनागरीत, टाइप केलेले. मराठी कार्यक्रमांचे आयोजक चाल ऐकण्याआधी शब्द वाचतात.
- चार ओळींची ओळख. त्यात "भावनांचा प्रवास" वगैरे नको. कोण, कुठले, कसली गाणी, किती मिनिटांचा कार्यक्रम.
- स्टेजचा नकाशा आणि सामानाची यादी: किती माइक, किती डीआय बॉक्स (गिटार-कीबोर्ड थेट साउंडला जोडायची डबी), ड्रम कुठे, मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कुणाकुणाला. हे कागदावर नसेल तर साउंडवाला आपल्या मनाने लावतो आणि साउंडचेकचा अर्धा तास वायरी बदलण्यात जातो.
- एकाच्या तरी नावाचं पॅन आणि बँक खातं. हॉटेल किंवा कंपनी पैसे देताना टीडीएस कापते. पॅन दिलं नसेल तर थेट २० टक्के कापला जाऊ शकतो.
- गाण्यांच्या मूळ वेव्ह फाइल्स (पूर्ण दर्जाच्या, एमपीथ्री नव्हेत) आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ.
- बँडमधला आपसातला कागद. कोणत्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे आले तर वाटणी कशी. सगळ्यांच्या सह्या.

शेवटच्या कागदाला सगळे हसतात. आमचा पहिला ड्रमर सोडून गेला तेव्हा आम्ही हसत नव्हतो.

याच टप्प्यावर गीतकार आणि संगीतकार यांनी आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं. गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांची ही संस्था १९६९ पासून आहे; गाणं जाहीर ठिकाणी वाजलं की त्याची रॉयल्टी ती गोळा करते. पहिल्या वर्षी त्यातून चहाचेही पैसे सुटणार नाहीत, पण गाण्यांची नोंद आपल्या नावावर व्यवस्थित होते. ते नंतर निस्तरत बसण्यापेक्षा बरं.

३. गाणं कुणाला लागतंय ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे टप्पे यातून निघतात.

आमचं एक गाणं आहे, रात्री दीडच्या एसटीचं. मुलगा गाव सोडून निघालाय, स्टँडवर बाप काही न बोलता उभा आहे, आईने बांधलेल्या डब्याचं तेल पिशवीला लागतंय. पबमध्ये हे गाणं सुरू झालं की लोक ऑर्डर द्यायला उठायचे. आम्ही ते यादीतून जवळजवळ काढलंच होतं. मग एका कवितांच्या कट्ट्यावर, एक गिटार आणि कहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) एवढ्यावर ते वाजवलं. संपल्यावर एक मुलगी आली. म्हणाली, "दादा, हे रेकॉर्ड केलेलं आहे का? आईला पाठवायचंय." ती लातूरकडची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. पुढच्या वेळी तिने अभ्यासिकेतल्या सात जणांना आणलं. वहीत तिच्या नावापुढे कंसात सात लिहिलेलं अजून आहे.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही श्रोते शोधायला कोरेगाव पार्कात जात होतो, आणि आमचा श्रोता तालमीच्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर, पुस्तकात डोकं घालून बसलेला होता. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, खानदेशातून आलेली ही मुलं पेठांमध्ये हजारोंनी राहतात. घर सोडल्याचं गाणं त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

मग त्या मुलीला चहा पाजून आम्ही तीन प्रश्न विचारले. तुम्हीही तुमच्या चौथ्या रकान्यातल्या माणसांना हेच विचारा:

तुम्ही जमता कुठे? उत्तर: अभ्यासिका, मेस, झेरॉक्सचं दुकान, अमृततुल्य, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं.

मोकळे केव्हा असता? उत्तर: रविवारी संध्याकाळी. त्या दिवशी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. म्हणजे रात्रीचं खायला बाहेर पडावंच लागतं.

खिशात किती असतात? यावर ती हसली. म्हणाली, "रविवारच्या रात्रीच्या जेवणाचे असतात. तेवढ्यातच तुमचं तिकीट आणि पावभाजी दोन्ही बसवा."

आमचं सगळं नियोजन या तीन उत्तरांवर उभं आहे. शो रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो, सव्वाआठला संपतो, कारण पुढे पावभाजी आणि दहाच्या आत हॉस्टेलचं गेट. पोस्टर साध्या ए-फोर कागदावर, झेरॉक्सच्याच दुकानात काढलेलं, अभ्यासिकेच्या चालकाला विचारून पाण्याच्या कूलरवर चिकटवलेलं. दर अर्ध्या तासाने प्रत्येक जण तिथे उभा राहतोच. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर घातलेल्या पैशांनी आणली नसतील एवढी माणसं त्या कूलरने आणली.

तुमची गाणी वेगळी असतील तर माणसंही वेगळी. मेटल वाजवणाऱ्यांना इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत वाली मिळतो. रॅपवाल्यांनी नाचणाऱ्या पोरांच्या ग्रुपांशी दोस्ती करावी. ती पोरं रोज कुठल्यातरी बागेत नाहीतर मेट्रो स्टेशनखाली सराव करत असतात आणि त्यांना वाजवायला काहीतरी नवं हवंच असतं. संबळ-दिमडी घेऊन लोकसंगीताच्या अंगाने जाणाऱ्यांचं मोठ्या सोसायट्यांच्या सांस्कृतिक मंडळांशी छान जमतं. पण हे मी बाहेरून पाहिलेलं सांगतोय. तुमच्या वहीवर विश्वास ठेवा, माझ्यावर नको.

४. जागा निवडताना आधीच तिथे कोण येतं ते बघा

प्रत्येक जागेचा एक ठरलेला प्रेक्षक असतो आणि तो तुमच्यासाठी बदलत नाही.

*पब आणि कॅफे.* इथे माणसं गप्पा मारायला आणि प्यायला आलेली असतात. मालकाचा हिशेब बारवर चालतो, म्हणून तो ओळखीची हिंदी-इंग्रजी गाणी मागतो. यात त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. हात साफ होतो, थोडे पैसे मिळतात, मंगळवार-बुधवारच्या तारखा सहज मिळतात. पण स्वतःच्या मराठी गाण्यांची परीक्षा इथे घेऊ नका. नापास व्हाल, आणि पेपर तुमच्या विषयाचा नव्हताच.

*छोटी नाट्यगृहं.* पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागा आहेत. तिथे प्रायोगिक नाटकं पाहणारा प्रेक्षक येतो आणि त्याला शांत बसून नवं काही पाहायची सवय असते. ड्रमकिट चालेल का, आवाज किती चालेल, हे भाडं भरण्याआधी विचारा. आम्ही बहुतेक वेळा ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रशने नाहीतर कहोनवर भागवतो.

*कॉलेजं.* इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई आयआयटीच्या मूड इंडिगोसारखे मोठे महोत्सव आणि त्यांच्या बँड स्पर्धा; तिथे परीक्षकांच्या नजरेत यायला जावं, पण खालची गर्दी मुख्य कलाकाराची वाट बघत असते. दुसरी म्हणजे कॉलेजची स्वतःची कलामंडळं. पुण्यात फिरोदिया करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा करणाऱ्या मुलामुलींना लाइव्ह संगीत म्हणजे काय हे आतून माहीत असतं, तालमीही रात्रभर चालतात. त्यांच्यातल्या दोघांना तुमचं गाणं आवडलं तर पूर्ण टीम ऐकते. मला ही दुसरी वाट जास्त पटते.

*गणपती मंडळं.* गर्दी अफाट, मोबदला बरा, पण आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळे समोर. दोन स्वतःची, बाकी सर्वांची, असं प्रमाण ठेवा. उघड्यावर लाउडस्पीकर लावायला पोलीस ठाण्याची परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि गणेशोत्सवातले काही दिवस त्यात येतात. परवानगीची प्रत मंडळाकडून आधी मागून घ्या. "आपलीच माणसं आहेत" हे उत्तर परवानगी नव्हे.

*दिवाळी पहाट.* हिचा रसिक भावगीत आणि नाट्यसंगीताचा, पहाटे साडेपाचला अत्तर लावून आलेला. तुमची गाणी त्या घराण्यातली असतील तर याहून चांगला श्रोता नाही. नसतील तर सुपारी आली तरी हात जोडा. आम्ही एकदा घेतली. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी तिसऱ्या गाण्यानंतर अतिशय प्रेमाने विचारलं, "बाळांनो, आता सुरू करताय ना?"

*गावोगावची वाचनालयं.* याकडे कुणी बघत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तशा व्याख्यानमाला आज किती तरी तालुक्यांत चालतात आणि त्यांच्याभोवती ऐकून घेणारी माणसं तयार झालेली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात आम्ही वाजवलं. लोखंडी घडीच्या खुर्च्या, खाली कडप्पा, मागे संस्थापकांची हार घातलेली तसबीर. आधी दीपप्रज्वलन, मग पंचवीस मिनिटं अध्यक्षीय मनोगत, त्यात संगीत सोडून सगळं. शाल आणि श्रीफळ. आमच्या गिटारवाल्याला नारळ कुठे ठेवावा कळेना, त्याने तो ॲम्प्लिफायरवर ठेवला आणि दुसऱ्या गाण्यात तो घरंगळत खाली आला. पण ऐंशी माणसं होती आणि एकाच्याही हातात मोबाईल नव्हता. शेवटी एका निवृत्त कंडक्टरनी उठून सांगितलं की दीडची गाडी आता बंद झालीय, सव्वादोनची आहे. एवढं कान देऊन गाणं आम्हाला पुण्यात कुणी ऐकलेलं नव्हतं.

५. फुकट ठेवू नका, आणि तिकिटं विकायचा ठेकाही घेऊ नका

फुकट शोला "येतो" म्हणणारे येत नाहीत. चाळीस-पन्नास रुपये का होईना, दिलेले असले की माणूस पावसातही येतो. आम्ही ९९ रुपये ठेवतो, जोडीने आले तर १५०. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशशुल्कावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे छोट्या शोला ती डोकेदुखी नाही.

सापळा दुसरीकडे आहे. काही आयोजक म्हणतात, "मोठ्या बँडच्या आधी वाजवा, फक्त तुमची चाळीस तिकिटं तुम्ही खपवायची." म्हणजे चाळीस मित्र तुम्हीच आणायचे, त्यांच्यापुढे तुम्हीच वाजवायचं, आणि नवीन माणसं तुमचं संपल्यावर यायची. आम्ही एकदा केलं. उरलेल्या बावीस तिकिटांचे पैसे खिशातून भरले. वहीत चौथा रकाना कोरा.

"पैसे नाहीत, पण नाव होईल" हे वाक्य ऐकलं की एकच विचारा: येणारे कोण आहेत? उत्तर नेमकं आलं, म्हणजे अमुक कॉलेजची मुलं, तमुक ग्रंथालयाचे सभासद, तर बिनपैशाचाही विचार करा. "सगळे येतात" असं आलं तर नको.

६. मोबाईलवरचे आकडे, पण मोजकेच

गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक अशा सगळ्या ठिकाणी पोचवायला डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर यांसारखी सेवा, म्हणजे वितरक, लागते. घेताना एवढं तपासा: वार्षिक फी भरायची थांबवली तर गाणी खाली उतरतात का? भाषेच्या रकान्यात "मराठी" निवडा. घाईत हिंदी निवडणारे बँड मी पाहिलेत. बँडच्या नावाचं रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, आणि त्या नावाचा दुसरा कुणी आधीच तिथे नाही ना ते बघा, नाहीतर तुमचं गाणं ब्राझीलमधल्या कुण्या डीजेच्या पानावर जाऊन बसतं.

प्रकाशनाची तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायची सोय प्रकाशनाआधीच असते, आणि किमान सात दिवस आधी सुचवलं तर ते तुमच्या फॉलोअरांच्या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. आज गाण्याचं मास्टर (शेवटची तयार प्रत) झालं, उद्या टाकलं, असं करू नका.

आता आकडे. एकूण किती वेळा वाजलं हा आकडा सोडून द्या. पैशासाठीही तो उशिरा कामाचा, कारण १२ महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याची रॉयल्टी धरत नाही. मी तीनच गोष्टी बघतो.

एक, शहरं. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये कुठल्या शहरात किती जण ऐकतात ते दिसतं. आमच्या यादीत पुणे-मुंबईनंतर छत्रपती संभाजीनगर होतं. तिथे आम्ही एकदाही गेलेलो नव्हतो. पोरांनी घरी पाठवलेली गाणी घरच्यांनी ऐकली, दुसरं काय.

दोन, माणसं कुठे सोडून जातात. यूट्यूब स्टुडिओत आलेख असतो. एसटीच्या गाण्याला आम्ही बेचाळीस सेकंदांची हुरहुर लावणारी सुरावट ठेवली होती, फार अभिमानाने. आलेख बघितला तर निम्मी माणसं पंचविसाव्या सेकंदाला उतरून गेलेली. स्पॉटिफायवर तर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकलं असं मोजतच नाहीत. आता शब्द नवव्या सेकंदाला सुरू होतात. कीबोर्डवाला अजून नाराज आहे.

तीन, रील किती जणांनी दुसऱ्याला पाठवली. लाइक म्हणजे मान डोलावणं. पाठवणं म्हणजे कुणाची तरी आठवण येणं. आमच्या गाण्यांचं काम त्यावरच चालतं.

दुसऱ्यांची गाणी वाजवून व्हिडिओ टाकायचे असतील तर मूळ कंपनीचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो, मग त्यातून मिळणारे पैसे तिकडे जातात किंवा व्हिडिओच अडतो. आणि तुमच्या कव्हरला आलेला माणूस त्या गाण्याचा चाहता असतो. तो तुमच्या गाण्यांपर्यंत येतोच असं नाही. आमचे तरी फारसे आले नाहीत.

७. विकतचे श्रोते

गाणं टाकल्यावर आठवडाभरात मेसेज येतो: "१५०० रुपयांत १० हजार स्ट्रीम, खरे श्रोते." आम्ही दिले. हो, दिले. चार दिवस आकडा चढत गेला, ग्रुपवर फटाक्यांचे स्टिकर पडले. मग शहरांची यादी उघडली तर वरची चारही नावं आमच्यापैकी कुणालाच वाचता येईनात. मराठी माणूस तिथे एखाददुसरा असेलही, पण तो रात्रीतून आमचं गाणं हजार वेळा ऐकेल असं वाटत नाही.

नुकसान पंधराशेवर थांबत नाही. कृत्रिम स्ट्रीम पकडले गेले तर ते मोजणीतून जातात, स्पॉटिफाय वितरकाकडून दंड घेतं आणि वितरक तो तुमच्यावर टाकू शकतो. गाणंही उतरू शकतं. त्याहून वाईट म्हणजे आपली शहरांची यादी नासते. आम्हाला पुढचे तीन महिने आपली खरी माणसं कुठे आहेत ते कळेना. ते गाणं शेवटी काढून नव्याने टाकलं.

८. नंबर घ्या, आणि तुमचा द्या

इन्स्टाग्राम तुमची पोस्ट कुणाला दाखवेल हे तुमच्या हातात नाही. महाराष्ट्रात माणूस सापडतो व्हॉट्सॲपवर. ग्रुप करू नका. दोन दिवसांत त्यात गुड मॉर्निंगची फुलं येतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि महत्त्वाचं म्हणजे ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. हे न कळल्यामुळे आम्ही सहा महिने भिंतीशी बोलत होतो.

म्हणून शेवटच्या गाण्याच्या आधी, शेवटानंतर नव्हे, स्टेजवरून सांगा: "फोन काढा, हा नंबर सेव्ह करा, आणि आत्ताच तुमचं नाव आणि गाव पाठवा." गाव मागायला विसरू नका. पुढचा टप्पा त्यावर आहे. महिन्याला एकच मेसेज, तोही माणसाने माणसाला लिहिल्यासारखा. कुणी "नको" म्हणालं तर लगेच नाव काढा.

९. दुसऱ्या गावी केव्हा जायचं

लिस्टमधल्या गावांची नावं आणि स्पॉटिफायची शहरं शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीत जे गाव वर दिसेल तिथे जा. आमचं पहिलं ठरलं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या लिस्टमधल्या अकरा जणांना वेगवेगळा फोन केला, हॉल कुठला घ्यावा ते त्यांनीच सांगितलं. पाच जण, एक गाडी, ड्रमकिट तिथेच भाड्याने. मुक्काम एका श्रोत्याच्या काकांकडे, सकाळी तर्रीवाली शेव-भाजी. साठ माणसं आली, ओळखीची चार.

परदेशातली शहरंही यादीत डोकावतात आणि मग बँडमधल्या कुणाला तरी अमेरिका दिसू लागते. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था आहे, तिचं अधिवेशन दोन वर्षांनी भरतं. लंडनचं मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. संपर्क जरूर ठेवा, व्हिडिओ पाठवा. पण व्हिसा-विमानाची गणितं मोठ्या नावांभोवती जुळवली जातात. तोवर नाशिक, कोल्हापूर, सोलापूर बाकी आहेत.

१०. तारीख धरताना

श्रोत्याचं कॅलेंडर बघा, तुमचं नंतर. लग्नसराई, सत्र परीक्षा, क्रिकेटची फायनल, आणि पुण्यात गणपतीतले शेवटचे पाच दिवस टाळा. त्या दिवसांत पेठेत गाडी आणणं म्हणजे ड्रमकिट डोक्यावरून आणणं. आमच्यासारखा श्रोता असेल तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचं वेळापत्रक भिंतीवर लावा, आणि तारीख पुढे गेली की शोही पुढे न्या. एकदा आम्ही पूर्वपरीक्षेच्या आदल्या रविवारी शो ठेवला होता. समोर नऊ माणसं बसली होती, त्यातले दोघे साउंडवाले.